पत्ता अपुरा

जुलैतल्या दुपारी सोहारच्या रस्त्यावर मांजरही नसतं.
आई खिडकीशी उभी राहून म्हणाली,
"इथली माणसं कुठे ठेवतात गं?"
तेव्हाच ठरवलं, टीव्हीचं काहीतरी करायला हवं.

घरात तीन रिमोट.
एक टीव्हीचा.
एक डिशच्या डब्याचा, ज्याची यादी अरबीत,
उजवीकडून डावीकडे उघडणारी.
एक आवाजाच्या पट्टीचा, तो सोफ्याच्या फटीत राहतो.
मी पोर्टवर, बारा तासांच्या पाळीला,
आणि दुपारी दोनला फोन:
"निळं झालंय."
कुठलं निळं, आई?
"सगळंच."

लॅबमध्ये मी अॅल्युमिनियममधलं लोखंड शोधते,
दहा लाखांत किती कण ते सांगते,
आणि मला आईचं निळं ओळखता येईना.

सूकमध्ये मुझफ्फर परकारांचं दुकान. मूळचे खेडचे.
मी मोबाईलवरची यादी वाचून दाखवली,
फोर-के, स्टोरेज, अमुक इतके पोर्ट.
त्यांनी ऐकून घेतलं. चहा मागवला.
"आईची बोटं दुखतात?"
दुखतात.
"वडलांचा चष्मा लांबचा का जवळचा?"
दोन्ही आहेत. हाताशी नेमका दुसरा असतो.
"मग हे घ्या. जेवढी बटणं तेवढी भांडणं, ताई.
याहून स्वस्तही आहे,
पण ते रोज उठून काहीतरी विचारतं."
अंगठ्याएवढी काडी. रिमोटवर अकरा बटणं, मी मोजली.
दुकानात मधोमध डोळे मिटून उभी राहिले
आणि आवाजाचं बटण चाचपलं.
सापडलं.
अठरा रियाल.

रात्री बसून पडद्यावरचे चौकोन पुसत गेले.
खेळ, खरेदी,
हवामानही पुसलं, ते तर दारातच उभं असतं.
राहिले सहा.
बातम्या, नाटकं, कीर्तन, जुनी गाणी, भाचीचे फोटो,
आणि एक रिकामा. तो कितीदा पुसला तरी जाईना.
पासवर्ड माझ्याजवळ, पैसे माझ्या कार्डातून.
बाकीचे रिमोट सेल काढून माळ्यावर.

बाबा रेल्वे टपालात होते.
मिरज ते पुणे, रात्रभर, हलत्या डब्यात उभं राहून
पत्रं न बघता खणात टाकायचे.
मी समजावायला बसले तर म्हणाले,
"खणच ना हे? बोल, सांगली कुठंय?"
दोन दिवसांत हात बसला.
कीर्तन म्हणजे सांगली, बातम्या म्हणजे कराड.
नाटक लावायचं तर, "जरा किर्लोस्करवाडी घेतो."
रिकाम्या खणावर आले की थांबतात.
"हा पत्ता अपुरा."

आईनं मात्र एकही खण उघडला नाही.
काही न दाबता सोडून दिलं
की पाच मिनिटांनी पडद्यावर आपोआप चित्रं येतात,
कुठलं तरी तळं, बर्फ, जांभळं शेत, एक लांब पूल.
तिला तो कार्यक्रम वाटतो.
लसूण सोलत बघते.
फोनवर मला सांगते,
"आज परत पूल आला. कालच्यापेक्षा धुकं कमी होतं."
मी म्हणते, हो का?
दुसरं काय म्हणणार.

काल पाळी लवकर सुटली.
दार उघडलं तर बाबा खुर्चीतच झोपलेले,
नाटक तिसऱ्या अंकात अडलेलं,
आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत:
तुम्ही अजून पाहताय का?
आई त्याला उत्तर देत होती,
हळू आवाजात, त्यांची झोप मोडू नये म्हणून:
"ते झोपलेत. मी आहे."
रिमोट तिच्या मांडीवर होता.
बोट तिकडे गेलं नाही.

मी चप्पल न काढता तशीच उंबऱ्यात.
पाठीमागून गरम वारा आत येत होता.
"दार लाव गं," ती म्हणाली,
"पुलाची वेळ झाली."